सात दिवसांची मुदत

सितारा शेखच्या हातात बदला आला तो २०१२ च्या मार्चमधल्या एका मंगळवारी, वाघोलीच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाच्या मधल्या वेळात. तो ईमेलने आला. मायना होता ‘आदरणीय शेखसर’, आणि पत्र इतकं नम्र होतं की पुण्यातून आलं असेल असं वाटू नये. लिहिणारी होती उल्का सबनीस, ‘संख्यायन’ नावाच्या संशोधन संस्थेतली अभियंता. त्यांनी ‘नीरा’ नावाचा एक नवा प्रोसेसर तयार केला होता, आणि त्याच्यासाठी बेतलेली गणिताची लायब्ररी सोबत जोडली होती. आपण तपासून ती यादीत घ्यावी, ही विनंती. शेवटी प्रकल्पप्रमुखांचं नाव होतं: डॉ. शरच्चंद्र रिसबूड.

सिताराने ते नाव दोनदा वाचलं. मग ती उठली, तिसरा तास घेऊन आली, पोरांना फळ्यावर दोन उदाहरणं सोडवून दाखवली, आणि परत येऊन ते नाव तिसऱ्यांदा वाचलं.

ती काय काम करायची ते आधी सांगायला हवं. संगणकावरचं कुठलंही मोठं गणित, मग ते पुलाचं असो, हवामानाचं असो की धरणाच्या भिंतीचं, शेवटी संख्यांच्या मोठाल्या तक्त्यांच्या गुणाकारावर येऊन ठेपतं. तो गुणाकार झटपट करून देणारी तयार लायब्ररी असते. पण प्रत्येक प्रोसेसरची ठेवण निराळी. एकाला एका वेळी चार संख्या उचलता येतात, दुसऱ्याला आठ. एकाच्या हाताशी मेमरी भरपूर, दुसऱ्याच्या हाताशी तोकडी. म्हणून तीच लायब्ररी प्रत्येकाच्या मापाने पुन्हा बेतावी लागते, आणि ज्याची त्याला मिळेल अशी वेगवेगळी पॅकेजं बांधावी लागतात. एकाचं दुसऱ्याला चढवलं तर कधी गणित नुसतं रेंगाळतं, आणि कधी प्रोसेसर न समजणारी आज्ञा पाहून जागच्या जागी थांबतो.

सितारा हे काम गेली सतरा वर्षं करत होती. आधी नोकरी म्हणून, आणि नोकरी गेल्यावर कुणाचीही चाकरी न करता. लिनक्स या संगणकप्रणालीची एक आवृत्ती जगभरचे लोक मिळून फुकट चालवायचे. त्यातल्या गणिताच्या लायब्रऱ्यांची सगळी पॅकेजं तिच्याकडे होती. तिथे ती ‘एस. के. शेख’ होती. बाई की पुरुष, हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. दिवसा कॉलेजात शिकवायचं, संध्याकाळी येरवड्याच्या घरी आईबरोबर चहा घेतला की लॅपटॉप उघडायचा. कुठलं पॅकेज आत घ्यायचं आणि कुठलं परत पाठवायचं, हे तिच्या हातात होतं. एकाच नियमाला ती बांधील होती: पॅकेज आलं की सात दिवसांच्या आत उत्तर द्यायचं.

आणि संख्यायनमधली तिची नोकरी ज्याने घालवली, तो माणूस आता तिच्याकडे पॅकेज पाठवत होता.

२००१ साली ती तिथे कंत्राटावर होती. वय एकोणतीस. नव्या यंत्रांसाठी तिने लायब्ररी बेतली होती, आणि ती जुन्या यंत्रांपेक्षा पाचपट वेगाने चालणार होती. दिल्लीहून पाहुणे येणार, प्रात्यक्षिक ठरलं, आणि नवी यंत्रं कस्टममध्ये अडकली. रिसबूड तेव्हा विभागप्रमुख. ते म्हणाले, तेच पॅकेज जुन्या यंत्रांवर चढवा. सितारा म्हणाली, जुना प्रोसेसर त्यातल्या आज्ञा ओळखत नाही, यंत्र बंद पडेल; मी जुन्यासाठी वेगळं बांधून देते, चार दिवस द्या. रिसबूड म्हणाले, चार दिवसांनी पाहुणे दिल्लीत असतील. तिने मग रीतसर चिठ्ठी लिहिली, तारीख घातली, फाइलला लावली. पॅकेज दुसऱ्या कुणाकडून तरी चढवून घेतलं गेलं. पाहुणे खुर्च्यांवर बसले, रिसबुडांनी स्वतः बटण दाबलं, आणि पडद्यावर एक ओळ येऊन सगळं थांबलं.

चौकशीचा अहवाल रिसबुडांनीच लिहिला. पॅकेज बांधणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याचा अक्षम्य निष्काळजीपणा, असं त्यात होतं. फाइलमध्ये चिठ्ठी नव्हती. एका संध्याकाळच्या पेपरात चौकट आली, ‘महिला कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे’. नाव नव्हतं, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पुढची तीन वर्षं ती मुलाखतीला जाई आणि समोरचे कागद चाळता चाळता थांबत.

एवढ्यावर कदाचित ती हे विसरलीही असती. पण तिचे वडील कादर शेख, पोस्टातून निवृत्त झालेले, चिठ्ठीची घरी ठेवलेली प्रत घेऊन तिला न सांगता संस्थेत गेले. इस्त्री केलेला काळा कोट घालून. फाटकावरच्या माणसाने त्यांना बाकावर बसवलं. अकरा वाजल्यापासून दोनपर्यंत ते बसले. दोन वाजता रिसबुडांची गाडी बाहेर पडली, काच वर होती. उद्या या, असं फाटकावरच्याने सांगितलं, तर ते दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी सिताराने त्यांचा कोट कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली. “साहेब कामात असतील गं,” एवढंच ते म्हणाले. २००४ मध्ये ते वारले. मूत्रपिंडाचा आजार होता, या गोष्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. सिताराला ते माहीत होतं, आणि तरीही तिने तो संबंध जोडूनच ठेवला होता.

उल्काने पॅकेजबरोबर तपासणीसाठी नीरा बसवलेला एक छोटा सर्किट बोर्डही कुरियरने येरवड्याला पाठवला. सिताराने त्याच संध्याकाळी तो जोडला आणि चाचण्या लावल्या. काम चांगलं होतं, ते तिला मान्य करावं लागलं. ज्याने कुणी गाभा लिहिला होता त्याचा हात स्वच्छ होता. पण चुका होत्या. लहानसहान आठ, आणि एक मोठी. नीरा एका वेळी आठ संख्या उचलायचा. तक्त्याच्या ओळी आठाच्या पटीत असल्या की सगळं ठीक; नसल्या तर शेवटी उरलेल्या चार-पाच ओळींचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि तिथे तो एक ओळ पुढची वाचत होता. त्या जागी जे काही जुनं पडलेलं असेल ते गुणाकारात मिसळायचं. उल्काने सगळ्या चाचण्या पाचशे बाराच्या, हजार चोवीसच्या, म्हणजे आठाच्या पटीतल्याच मापांच्या घेतल्या होत्या. तिला ते दिसणं शक्यच नव्हतं. सिताराला ते पंचवीस मिनिटांत दिसलं.

दुसऱ्या कुणाचं पॅकेज असतं तर तिने नऊही चुका एका पत्रात लिहून पाठवल्या असत्या, आणि तीन-चार तर स्वतःच दुरुस्त केल्या असत्या. तिची तशी ख्यातीच होती. पण उल्काच्या पत्रात एक वाक्य होतं, सहज लिहिलेलं: तीस जूनला आपल्या लिनक्सच्या नव्या आवृत्तीची यादी बंद होते, तोवर नीरा यादीत आला नाही तर अनुदान समिती प्रकल्प गुंडाळणार आहे, तेव्हा आपलं सहकार्य मोलाचं.

सिताराने सहा दिवस काही केलं नाही. सातव्या दिवशी तिने उत्तर पाठवलं. परवान्याच्या फाइलमध्ये एका मूळ लेखकाचं नाव घालायचं राहिलं आहे. नियमानुसार पॅकेज परत करत आहे.

एकच चूक. ती खरी होती.

उल्काने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करून पाठवली, आभार मानून. सितारा सात दिवस थांबली आणि दुसरी चूक कळवली. मग तिसरी. मदतीची पानं नाहीत. फाइलचं नाव प्रथेप्रमाणे नाही. आवृत्तीचा क्रमांक चुकीच्या जागी आहे. एप्रिल गेला, मे आला. कॉलेजच्या परीक्षा झाल्या. दर आठवड्याला एक पत्र जाई, दोन ओळींचं, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नसे. हे तिला फार महत्त्वाचं वाटायचं. त्याने खोटं लिहून केलं होतं; ती खरं लिहून करणार होती. आठवडाभर ती उत्तराच्या दिवसाची वाट पाही, आणि पाठवलं की आईला म्हणे, “आज भजी करू या का?”

“आजकाल बरी खुशीत असतेस,” नसीमबानू म्हणाल्या. “कुणी भेटलाय का?”

“जुनी ओळख आहे,” सितारा म्हणाली.

मोठी चूक तिने नवव्या पत्रात सांगितली, तीही अर्धी. काही मापांच्या तक्त्यांना चाचणी नापास होते, एवढंच. कुठल्या मापांना, ते लिहिलं नाही. लिहायलाच हवं असा नियम नव्हता. उल्काचं उत्तर या वेळी दुसऱ्या दिवशी आलं नाही. पाच दिवसांनी आलं, आणि त्यात पहिल्यांदाच आभार नव्हते. ‘सर, कोणती मापं ते कळू शकेल का?’ सिताराने सातव्या दिवशी लिहिलं, की आपल्या चाचण्या अपुऱ्या आहेत, त्या वाढवाव्यात.

जूनच्या तिसऱ्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास दाराची घंटा वाजली. नसीमबानूंनी दार उघडलं. बाहेर सहासष्ट-सदुसष्ट वर्षांचे, पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आणि तिशीतली एक मुलगी, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

“शेखसाहेब आहेत का?” गृहस्थांनी विचारलं. “मी डॉक्टर रिसबूड. कर्वेनगरहून आलोय. बोर्ड पाठवला होता त्यावरून पत्ता मिळाला. आधी कळवायला हवं होतं, पण वेळ कमी आहे.”

घरात या मायलेकी दखनीत बोलत, पण नसीमबानू नाना पेठेतल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि पाहुण्यांशी स्वच्छ पुणेरी बोलत. “साहेब वारले,” त्या म्हणाल्या. “काम करणारी माझी मुलगी आहे. आपण बसा.”

सितारा आतून आली. अकरा वर्षांत तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते आणि चष्मा लागला होता. रिसबुडांचं टक्कल तेवढं वाढलं होतं. ती समोर उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हसले, हात जोडले. ओळखीची खूण नव्हती. ते मुद्दाम दाखवत नाहीयेत असंही नव्हतं. खरोखरच नव्हती.

“अरे वा, म्हणजे शेखमॅडम,” ते म्हणाले. “आम्ही आपले सर, सर करतोय. ही उल्का. हिनेच सगळं लिहिलंय.”

उल्का ओशाळून म्हणाली, “सॉरी मॅडम.”

चहा आला. रिसबूड प्रकल्पाबद्दल बोलले, देशाने स्वतःचा प्रोसेसर करणं किती गरजेचं आहे त्याबद्दल बोलले. मग म्हणाले, “मॅडम, आपली शिस्त मला आवडते. पण दर आठवड्याला एक चूक म्हणजे, काय आहे, जरा जास्तच पुणेरी होतंय. काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा.”

“अडचण काही नाही,” सितारा म्हणाली. “चुकीचं पॅकेज चुकीच्या यंत्रावर गेलं की काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून जपते.”

“ते तर मीही पाहिलंय.” रिसबूड मोकळं हसले. “उल्का, तुला सांगितलंय की नाही? दोन हजार एक साल. दिल्लीचे लोक समोर बसलेले, मी बटण दाबतो, आणि यंत्र ठप्प. आमच्याकडे एक बाई होती कंत्राटावर, तिने भलतंच पॅकेज बांधून ठेवलेलं. तेव्हा इतकी नाचक्की झाली माझी. आता हसू येतं.”

“काय नाव होतं त्या बाईंचं?” सिताराने विचारलं.

“नाव आता कुठलं आठवायला. होती कुणीतरी.” ते कप खाली ठेवत म्हणाले. “छान नाव होतं. चांदणी की काय.”

“सितारा.”

“हां, सितारा. बरोबर. तुम्हाला कसं—”

ते थांबले नाहीत, पुढचा शब्द शोधत राहिले. आधी उल्काला कळलं. तिने बॅग मांडीवरून खाली ठेवली आणि सिताराकडे पाहिलं, मग टीपॉयवरच्या बोर्डाकडे. रिसबुडांना थोडा वेळ लागला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि सिताराने ते जाताना नीट पाहिलं. अकरा वर्षं तिने या क्षणाची मनात तालीम केली होती. तिने धरून ठेवलं होतं की तोही हे घेऊन जगत असेल, निदान कधीतरी दचकत असेल. त्याच्याकडे यातलं काहीच शिल्लक नव्हतं. जे तिच्या घरात रोज जेवायला बसत होतं, ते त्याच्याकडे पाहुण्यांना सांगायचा एक गमतीचा किस्सा होऊन राहिलं होतं.

“माझी चिठ्ठी फाइलमध्ये होती,” ती म्हणाली. “एकोणीस नोव्हेंबरची. कुठे गेली?”

रिसबूड खुर्चीत मागे टेकले. “हे बघा, त्या वेळची परिस्थिती तुम्हाला माहीत नाही. कुणाचं तरी नाव घालावंच लागणार होतं. माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. तुम्ही कंत्राटी होता, तुमचं तसंही मार्चमध्ये संपणार होतं.”

“चिठ्ठी.”

“मी काढली.”

आत जायच्या दारात नसीमबानू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि कॉलेजच्या उत्तरपत्रिकेची एक कोरी पुरवणी आणि पेन घेऊन आल्या. ते त्यांनी रिसबुडांच्या पुढ्यात ठेवलं आणि चहाचे कप उचलले.

“लिहा,” सितारा म्हणाली. “संचालकांच्या नावे. जे झालं ते.”

रिसबुडांनी उल्काकडे पाहिलं. उल्का खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर सुंदर होतं, जुन्या शाळेतलं. पाऊण पान झालं, सही झाली. सितारा हात पुढे करणार तेवढ्यात नसीमबानूंनी तो कागद घेतला, पदराने चष्मा पुसला आणि उभ्या उभ्या वाचला. शेवटपर्यंत वाचून पुन्हा मधल्या ओळीवर आल्या.

“इथे ‘नजरचुकीने’ लिहिलंय आपण,” त्या म्हणाल्या. “‘अहवालात सदर चिठ्ठीचा उल्लेख नजरचुकीने राहून गेला.’ नजरचूक नव्हती ना?”

“बाई, शब्दांचं एवढं—” रिसबूड म्हणू लागले.

“खोडा ते.”

त्यांनी खोडलं. वर ‘हेतुपुरस्सर वगळला’ लिहिलं आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली. नसीमबानूंनी कागद घडी घालून कुराणाच्या शेल्फाखालच्या खणात ठेवला आणि त्या आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला.

रिसबुडांनी पेनाला टोपण लावलं. एक ओझं उतरवल्यासारखे ते सैल झाले होते. “चला. उशिरा का होईना. मग आता पॅकेजचं कधी करू या?”

“पॅकेजचा याच्याशी काय संबंध?” सितारा म्हणाली.

“म्हणजे?”

“ते चाचणीत नापास आहे. नापास पॅकेज मी आत घेत नाही. चाळीस माणसं हाताखाली असली तरी.”

रिसबुडांचा चेहरा लाल झाला. ते उठले, चपला घातल्या, आणि जिना उतरताना एकदाही मागे वळले नाहीत. उल्का बॅग उचलायला मागे राहिली.

“मॅडम, चूक नेमकी कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे ना?”

“हो.”

“कधीपासून?”

सितारा खोटं बोलू शकली असती. “मार्चपासून,” ती म्हणाली.

उल्काने मान हलवली, जशी एखाद्या दुकानात जिन्नस संपलाय असं कळल्यावर हलवतात. “ठीक आहे,” ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतरचा आठवडा सिताराला फार सुखाचा गेला. हे लपवण्यात अर्थ नाही. तिने पत्राची प्रत काढून मूळ कागद संस्थेला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. वडिलांच्या कबरीवर जाऊन आली. कोटाचं कपाट उघडून कोट उन्हात घातला. तिला वाटत होतं, आता तीस तारीख जाईल आणि आपण काहीच न करता सगळं होईल.

पण पंचवीस जूनला, सोमवारी, उल्काचं पॅकेज आलं. पत्रात एकच ओळ होती: ‘उरलेल्या ओळींचा भाग नव्याने लिहिला आहे.’

सिताराने चाचणी लावली. एकपासून दोनशेपर्यंत प्रत्येक मापाचा तक्ता, एकेक करून. ती पडद्यासमोर बसून राहिली. सतरा, पास. एकोणीस, पास. एकतीस, पास. तिला चूक सापडायला हवी होती, आणि ती सापडत नव्हती. तिने मुद्दाम वाकडी मापं घातली, एकच ओळ, एकही ओळ नाही. सगळं पास. उल्काने नुसती ती चूक काढली नव्हती. तो भाग तिने सिताराने लिहिला असता त्याहून नेटका लिहिला होता.

आता कळवायला काही उरलं नव्हतं. एक बटण दाबलं की नीरा यादीत गेला असता. आणि नियम तिला सात दिवस देत होता, म्हणजे दोन जुलैपर्यंत.

नसीमबानू भाजी निवडत समोर बसल्या होत्या. सिताराने त्यांना सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की आता ते बरोबर आहे.

“त्या पोरीने केलं?” नसीमबानूंनी विचारलं.

“हो.”

“आणि तो?”

“त्यालाही मिळेल मग. त्याचं नाव वर आहे.”

नसीमबानूंनी भेंडीचं एक देठ मोडलं. “तुझे अब्बा दोन दिवस बसले होते,” त्या म्हणाल्या. काय कर हे त्यांनी सांगितलं नाही. सिताराला मात्र पुरेसं होतं.

तिने लॅपटॉप मिटला. मंगळवारी उघडला नाही, बुधवारी दुसऱ्याच पॅकेजचं काम केलं. शुक्रवारी तिने नीराचं पान उघडलं, बटणावर बोट ठेवलं, आणि त्या बंद काचेच्या गाडीचा विचार केला. तो विचार तिने मुद्दाम बोलावून आणला. तो आपला आपण आला नव्हता. मग तिने पान बंद केलं. शनिवारी त्या आवृत्तीची यादी बंद झाली. सोमवारी, सातव्या दिवशी, तिने उत्तर लिहिलं: ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण. पुढील आवृत्तीत समाविष्ट करत आहे.’ यातलंही एक अक्षर खोटं नव्हतं.

ऑगस्टमध्ये प्रकल्प बंद झाल्याचं कळलं. नीराचे जे काही साठ-सत्तर बोर्ड झाले होते ते कपाटात गेले. रिसबूड घरी बसले. त्यांना तसंही बसायचंच होतं, निवृत्तीनंतरची मुदतवाढ होती ती. उल्का आणि आणखी चार जण कंत्राटावर होते, त्यांचं काम संपलं. संस्थेकडून सिताराला दोन ओळींचं उत्तर आलं, की आपले पत्र मिळाले, २००१ सालचे अभिलेख नियमानुसार नष्ट करण्यात आले असल्याने पुढील कार्यवाही शक्य नाही. तिने ते पत्र आईला दाखवलं नाही.

ती थांबून पाहत होती, की आता बरं वाटेल. रिसबुडांचा विचार मनात आणला की बरं वाटायचंही. पण तो विचार फार टिकत नसे, कारण त्याच्या शेजारी आता दुसरं कुणीतरी उभं राहू लागलं होतं, खांद्याला बॅग लावून.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वाघोलीच्या कॉलेजात एक जागा निघाली. मुलाखतीला सितारा, प्राचार्य आणि विद्यापीठाचे एक गृहस्थ होते. चौथी उमेदवार उल्का सबनीस होती. ती आत आली, सिताराला पाहून क्षणभर दारात थांबली, आणि मग सरळ येऊन बसली.

“आधीचं काम का सोडलंत?” प्राचार्यांनी विचारलं.

“प्रकल्प बंद झाला, सर.”

“का बरं?”

सितारा समोरच्या कागदाकडे बघत होती.

“वेळेत झालं नाही,” उल्का म्हणाली. “आमच्या चाचण्या आधी अपुऱ्या होत्या.”

सिताराने तिला सर्वांत जास्त गुण दिले. द्यायलाच हवे होते; बाकीच्यांना साधा गुणाकारही नीट सांगता आला नव्हता. उल्काला जागा मिळाली, आणि तिने ती घेतली. तिला नोकरीची गरज होती.

स्टाफरूममध्ये तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं, सिताराच्या टेबलाला लागून. ती वेळेवर येई, तास नीट घेई, सिताराला ‘मॅडम’ म्हणे, वेळापत्रकाचं काही असलं तर तेवढं बोले. पोरांना ती आवडायची. अर्धं वर्ष असं गेलं. डिसेंबरमधल्या एका दुपारी खोलीत दोघीच होत्या. उल्का प्रयोगवह्या तपासत होती. सिताराने खुर्ची तिच्याकडे वळवली. काय बोलायचं ते तिने आठवडाभर ठरवलं होतं.

“उल्का, त्या पंचवीस जूनला तुझं पॅकेज मी त्याच दिवशी तपासलं होतं. ते बरोबर होतं. मी—”

“माहीत आहे मॅडम,” उल्का म्हणाली. “बोर्डवर चाचण्यांची नोंद राहते. तुम्ही बोर्ड परत पाठवलात तेव्हा मी पाहिली. पंचवीस जून, संध्याकाळी साडेपाच.”

तिने शेवटच्या वहीवर सही केली, वह्यांचा गठ्ठा सारखा केला आणि घड्याळाकडे पाहिलं.

“माझा तास आहे,” ती म्हणाली, आणि खडू घेऊन वर्गावर गेली.